सायलेन्सर बदलल्यावर

मोटारसायकल कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी वळली, वळताना चालवणाऱ्यानं रेस सोडली आणि मागून फट् फट् फटाक् असा आवाज निघाला. मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं पसरत होते.

"सायलेन्सर बदललाय आणि सेटिंग केलेलं नाही," मी म्हणाले.

"कुणी?" आत्यानं विचारलं.

"जो कोण येतोय त्यानं."

"जो कोण येतोय तो तुला बघायला येतोय, त्रिशला. चौगुल्यांचा मुलगा आहे तो. आता तोंडाला जरा कुलूप लाव. सेटिंगबिटिंग त्यांच्या कानावर यायला नको."

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण तो आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. आमचं घर कोल्हापुरात उद्यमनगरच्या अंगाला. पुढं रस्त्याकडेला दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटारसायकलींचं गॅरेज आणि मागं घर. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून दादांच्या बहिणीनं, कमलआत्यानं मला वाढवलं. दादा कार्बोरेटरच्या जमान्यातले मिस्त्री. पुढं गाड्यांत पेट्रोल सोडायचं काम छोटा कॉम्प्युटर करायला लागला आणि दादांचे हात अडले. ते काम मी शिकले. पुण्याला जाऊन शिकले, गाड्या बिघडवून शिकले. गाडीला केबल जोडायची, लॅपटॉप उघडायचा आणि कुठल्या वेळी किती पेट्रोल सोडायचं ते त्या कॉम्प्युटरला नव्यानं समजावून सांगायचं, हा माझा धंदा. सांगली-साताऱ्याकडनं पोरं गाड्या घेऊन यायची.

गाड्या यायच्या, स्थळं मात्र येऊन परत जायची. एकांनी तर सरळ निरोप धाडला, मुलीच्या हाताला ऑइलचा वास येतो. वास येत होता, खोटं कशाला बोला. म्हणून या खेपेला आत्यानं शक्कल लढवली. इचलकरंजीच्या चौगुल्यांकडं तिनं सांगितलं की मुलगी कॉम्प्युटरवर असते.

"यात खोटं काय आहे?" मी भांडायला लागल्यावर ती म्हणाली. "दिवसभर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतीस का नाही? मग कुणाचा कॉम्प्युटर, कसला कॉम्प्युटर, हे त्यांनी विचारलं तर बघू."

मला दादांचा आधार वाटत होता. पण आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "हे स्थळ तुझ्या तोंडामुळं मोडलं तर गॅरेजची किल्ली माझ्याकडं दे. मग तिथं पाऊल टाकायचं नाही. मी दमलोय गं लोकांचे नकार ऐकून." ते रागानं बोलले असते तर मी मनावर घेतलं नसतं. ते शांतपणे बोलले, म्हणून मी घाबरले. गप्प बसावं तर इचलकरंजीत ऑफिसात जाणारी सून म्हणून उभं राहायचं आणि बोलावं तर गॅरेज बंद. दोन्हीकडून माझं कामच जाणार होतं.

आणखी एक भानगड होती. आमच्या कोल्हापूरच्या पोरी "मी येतो, मी करतो" असं बोलतात. त्यातून मी गॅरेजात वाढलेली. आत्यानं आठवडाभर माझी तालीम घेतली होती, "करते म्हण, जाते म्हण." हळद-लिंबू चोळून चोळून माझी नखं तिनं साफ केली आणि स्वतःची मोरपंखी इरकल मला नेसवली.

पाहुणे तीनच होते. मुलाची आई सुमतीकाकू आणि त्याचे चुलते भूपालकाका मोटारीनं आले होते, आणि त्यांच्यामागून मुलगा, अभिनंदन, त्या फटाके फोडणाऱ्या गाडीवरून. उंच, सावळा, बोलायच्या आधी कान लाल होणारा. नवरा वारल्यापासून काकू स्वतः यंत्रमाग चालवत होत्या एवढं आम्हाला ठाऊक होतं. काकू फार बोलत नव्हत्या. भूपालकाकांनी मात्र सगळ्यांच्या वाटणीचं बोलायचं अंगावर घेतलं होतं.

"कॉम्प्युटरवर म्हणजे काय करतीस बाळ?" त्यांनी विचारलं.

"सेटिंग करते," मी म्हणाले. 'करते' अगदी ठासून म्हणाले.

"बँकेत का?"

"कंपन्यांचे कॉम्प्युटर असतात की," आत्या मध्येच म्हणाली. "पोहे घ्या आणखी. कांदा नाही हं घातलेला."

काकूंनी माझ्या हातांकडं बघितलं, मग पोह्यांकडं बघितलं. भूपालकाका दादांकडं वळले.

"तुम्ही गाड्यांतले जाणकार. आमच्या पोराला जरा सांगा. हौसेनं नवा सायलेन्सर बसवलाय आणि तेव्हापासून गल्लीत रोज दिवाळी. शेजारची म्हातारी दचकून उठती. कुणी म्हणतंय कॉम्प्युटर सेट करून घ्यायला पाहिजे, कुणी म्हणतंय काही गरज नाही. वहिनींनी तर सांगितलंय, जुना बसव नाहीतर गाडी विकून टाक. खरं काय हो? सायलेन्सर बदलला की कॉम्प्युटरला हात लावावाच लागतो काय?"

दादांनी बशी खाली ठेवली. "आमच्या वेळी कार्बोरेटर होता," ते म्हणाले. "सायलेन्सर बदलला की पेट्रोल सोडणारा जेट बदलायचा, स्क्रू फिरवायचा, संपलं. आता या गाड्यांत..."

एवढं बोलून ते थांबले आणि सतरंजीकडं बघायला लागले. पन्नास वर्षं ज्या माणसाला अख्खं उद्यमनगर विचारायला यायचं, त्याला स्वतःच्या घरात उत्तर देता येईना. उत्तर त्यांच्या समोर इरकल नेसून बसलं होतं.

"गाडी विकू नका," मी म्हणाले. "लावावा लागतो हात. मी करून देतो."

आत्यानं डोळे मिटून घेतले. करतो-करतेचं तर सोडाच, सगळीच तालीम पाण्यात गेली होती.

"तू?" काकूंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"होय. मी कॉम्प्युटरवर असतो म्हणजे गाड्यांच्या कॉम्प्युटरवर. इथंच, पुढच्या गॅरेजात. बँकेत नाही आणि कंपनीत पण नाही."

भूपालकाका आधी माझ्याकडं, मग आत्याकडं बघत राहिले आणि पोट धरून हसायला लागले. "गाडीचा कॉम्प्युटर होय! आणि मी गावभर सांगून बसलोय, सून बँकेत आहे म्हणून."

दादांचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात अभिनंदन उठून उभा राहिला. त्याचे कान चांगलेच लाल झाले होते. "मग बघता का आत्ता?" तो म्हणाला. "आलोच आहे तर."

दादा उठले, किल्ली घेतली आणि त्यांनी शटर वर केलं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही, स्वतःच्या खिशात टाकली. मी पदर कमरेला खोचला, गाडीला केबल जोडली आणि लॅपटॉप उघडला. मला खात्रीच होती. असा आवाज मी शंभर गाड्यांत ऐकला होता. सायलेन्सर मोकळा झाला की हवा जास्त जाते, पेट्रोल कमी पडतं, गाडी कोरडी चालते आणि रेस सोडली की फटाके. पेट्रोल थोडं वाढवायचं की झालं. मी वाढवलं, केबल काढली आणि म्हणाले, "आणा फिरवून."

तो गिरणीपर्यंत जाऊन आला. येताना त्यानं रेस सोडली आणि पहिल्यापेक्षा मोठा आवाज झाला. गिरणीवाला बाहेर येऊन बघायला लागला.

"प्रगती आहे," भूपालकाका म्हणाले.

मी परत केबल जोडली. पेट्रोल आणखी वाढवलं. परत तसंच, उलट वाढलंच. माझ्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. आत्या दारातून खुणा करत होती, सोड, आत ये. दादा भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. एवढं सगळं उधळून, ज्या कामासाठी उधळलं तेच काम मला जमत नव्हतं. ग्राहकासमोर मी कधी रडले नव्हते, आजही रडणार नव्हते.

अभिनंदननं गाडी स्टँडवर लावली. मला वाटलं आता हा म्हणणार, राहू दे. गॅरेजात येणारे पुरुष असल्या वेळी माझ्या हातातला पाना काढून घ्यायचे, मला सवय होती. त्यानं काही घेतलं नाही. "परत एकदा जाऊन येऊ?" एवढंच त्यानं विचारलं.

"नको," मी म्हणाले आणि मला एकदम सुचलं की एक गोष्ट मी विचारलीच नव्हती. "तुम्ही सायलेन्सर पूर्ण बदललाय का? इंजिनापासून?"

"नाही. नुसता मागचा डबा."

"एअर फिल्टर?"

"आहे तोच आहे."

मी खाली बसले. खरोखरच फरशीवर बसले, आत्याच्या इरकलीसकट. मग उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं चुकलं."

मी मागच्या डब्याकडं बोट दाखवलं.

"इंजिनापासून सगळा पाइप बदलला, फिल्टर मोकळा केला, तर कॉम्प्युटर सेट करायलाच पाहिजे. नुसता मागचा डबा बदलला तर बहुतेक गाड्यांना गरज नसते. पाइपात सेन्सर असतो, तो बघून कॉम्प्युटर आपलं आपण पेट्रोल थोडं इकडंतिकडं करून घेतो. मी आवाज स्वयंपाकघरातून ऐकला आणि तिथंच ठरवून टाकलं. आधी विचारायला पाहिजे होतं. आवाज दुसऱ्या कशाचा तरी आहे."

"कशाचा?" भूपालकाकांनी विचारलं. आता ते हसत नव्हते.

"बाहेरची हवा आत जात असणार कुठून तरी. न जळलेलं पेट्रोल पाइपात येतं, त्याला तिथं ताजी हवा मिळते आणि ते तिथंच पेटतं. मी पेट्रोल वाढवलं म्हणून आवाज वाढला."

दादा भिंतीपासून सुटे झाले. गाडीजवळ आले, उकिडवे बसले, डबा जिथं पाइपाला जोडला होता तिथं लांबूनच हात फिरवून बघितला. "आता तापलंय," ते म्हणाले. "गार होऊ दे. मग साबणाचं पाणी टाकून बघू."

कार्बोरेटरच्या काळातला तो उपाय. मला का सुचला नव्हता कोण जाणे.

पाइप गार होईपर्यंत करायचं काय? तेवढ्यात आत्यानं बाहेर येऊन उन्हाकडं बोट दाखवलं. आम्ही जैन माणसं, ते पण जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायला हवीत. लग्न मोडलं तरी पाहुण्याला उपाशी कसं धाडायचं? पानं वाढली गेली. शेवग्याची आमटी होती, दोडक्याची भाजी होती आणि आत्यानं मोठ्या आशेनं केलेला शिरा होता. तसं अवघडलेलं जेवण मी आजवर जेवले नाही.

मी वाढत होते. काकूंनी मला हातानं थांबवलं आणि शेजारच्या पाटावर बसवलं. "एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "चुकलं असं सगळ्यांसमोर का म्हणालीस? पेट्रोलमध्ये भेसळ आहे, सायलेन्सर हलका आहे, असं काहीही सांगता आलं असतं. आम्हाला काय कळणार होतं?"

"तुम्ही ऐकलं असतं काकू," मी म्हणाले. "गाडी ऐकत नाही."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात त्यांच्या हातानं शिरा वाढला.

जेवणं झाल्यावर दादांनी तांब्यात साबण खळबळवून आणला. मी गाडी चालू केली आणि जाड फडक्यानं सायलेन्सरचं मागचं तोंड दाबून धरलं, म्हणजे फट असेल तिथून धूर बाहेर पडेल. दादांनी सांध्यावर फेसाचं पाणी सोडलं. खालच्या अंगाला बुडबुड बुडबुड करून फेस फुगायला लागला.

"हं," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी मजा वाटल्याचं मला जाणवलं. "ये, बघ."

आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बघत होतो. डबा उघडला तर सांध्यातलं पॅकिंग अर्धं फाटून गेलेलं. ज्यानं कुणी बसवलं होतं त्यानं जुनंच परत कोंबलं होतं. पाच बोटांत मावणारी ती कडी. तिच्यापायी गाडी विकायला निघाली होती आणि माझं गॅरेज बंद व्हायला आलं होतं. दादांनी कपाटातून नवं पॅकिंग काढलं. मी बसवलं, बोल्ट आवळले. या गडबडीत माझ्या मनगटावर एक चटका बसला आणि मोरपंखी इरकलीवर हातभर काळा पट्टा उमटला. तो आत्यानं बघितला, पण शहाणी बाई, गप्प राहिली.

अभिनंदन गिरणीपर्यंत गेला. वळला. रेस सोडली. काही नाही. नुसता खोल, गुबगुबीत आवाज आणि गिरणीवाल्यानं वर केलेला हात. परत येताना त्यानं मुद्दाम रेस वाढवून सोडली. तरी काही नाही. गाडीवरून उतरला तेव्हा तो हसत होता आणि ते हसू माझ्यासाठी होतं, गाडीसाठी नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

"पेट्रोल जास्त पितेय आता," तो म्हणाला. "जरा जड वाटतेय उचलताना."

"ते मी मघाशी वाढवलेलं. तेवढं कळलं तुम्हाला?"

"तेवढं कळतं," तो म्हणाला आणि परत लाल झाला.

मंडळी निघायला लागली. आता काय ते बोलणं व्हायचं होतं आणि कुणी सुरुवात करेना. शेवटी आत्याच पुढं सरसावली. तिचा जीव माझ्यात अडकलेला, ती तरी काय करणार.

"मनावर घेऊ नका हो," ती काकूंना म्हणाली. "हौस आहे तिला नुसती. लग्नानंतर सोडेल ती हे सगळं. तुमच्या घराला शोभेल असंच वागेल."

काकू चपला घालत होत्या. एक पाय चपलेत, एक बाहेर, अशा त्या तशाच थांबल्या. "सोडणार असेल तर आमचा नकार समजा," त्या म्हणाल्या.

आत्याला काही उमगेना. मलाही उमगायला वेळ लागला.

"अभीचे वडील गेले तेव्हा मला मागावर तुटलेला धागा जोडता येत नव्हता," काकू म्हणाल्या. "या भावजींनीच सल्ला दिला, वहिनी, माग विकून टाका."

"ते जुनं झालं की आता," भूपालकाका पुटपुटले.

"जुनं झालं, म्हणून तर सांगते. मी विकले नाहीत. शिकले. रोज काहीतरी चुकायचं आणि रोज मी ते कामगारांच्या माथी मारायची. माझं चुकलं असं म्हणायला मला कितीतरी वर्षं लागली. ही पोरगी पाहुण्यांसमोर, सोयरीक पणाला लागलेली असताना म्हणाली." त्यांनी दुसरी चप्पल घातली. "मला घरात असं माणूस पाहिजे. बँकेतली सून घेऊन काय करू? माझ्या घरी सगळ्यांचेच हात काळे असतात."

"सोडतेय कशाला?" आत्या म्हणाली. एवढ्या चपळाईनं शब्द फिरवलेला मी पुन्हा कधी बघितला नाही. "मी सोडू देईन तर ना."

भूपालकाका परत हसायला लागले, या वेळी आत्याही हसली. मला मात्र हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात तेलकट, त्यामुळं पुसताही येईना.

"आपलंच चाललंय सगळं," दादा म्हणाले. "तिला कुणी विचारलंय का? काय गं, त्रिशला? तुझं काय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी अभिनंदनकडं बघितलं. तो गाडीच्या हँडलला धरून उभा होता आणि श्वास सुद्धा जपून घेत होता. होय म्हणायचं होतं मला. पण दादांसमोर, आत्यासमोर, तसं सरळ म्हणायला जीभ उचलेना. मग मी मला येत होतं ते बोलले.

"गाडी इथं ठेवून जावी लागेल," मी त्याला म्हणाले. "मी कॉम्प्युटरमध्ये उगीचच जे वाढवून ठेवलंय ते पहिल्यासारखं करायला पाहिजे. दोन दिवस तरी लागतील. तुम्हाला न्यायला परत यावं लागेल."

"येतो की," तो लगेच म्हणाला आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

खरं सांगायचं तर गाडीतलं जुनं सेटिंग मी हात लावायच्या आधीच लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं होतं. ते परत घालणं म्हणजे दहा मिनिटांचंही काम नव्हतं. हे तिथं माझ्याशिवाय फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं.

दादांनी फडक्याला हात पुसले, गाडीभोवती एक चक्कर मारली, काळजीनं मान हलवली आणि म्हणाले, "दोन कसले? चार तरी लागतील."